रुपालीताईंचं एक वाक्य

पवनीहून लग्न होऊन आली तेव्हा रुपाली वैरागडेला खडकी म्हणजेच पुणं वाटलं होतं. नवरा शंभू तिथल्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत कामाला, राहायला फॅक्टरीची क्वार्टर, बाजार कोपऱ्यावर. शहरात जायचं तिला कारणच पडत नव्हतं. ते पडलं उत्कर्षाच्या जन्मानंतर.

उत्कर्षा जन्मली तेव्हा रडली नाही. रडायला तिला जो उशीर झाला, त्यात काय व्हायचं ते होऊन गेलं. वर्षाची झाली तरी मान धरेना, हात हवेत भलतीकडंच जायचे, तोंडातून शब्द फुटायचा नाही. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी असं नाव सांगितलं.  घरी आल्यावर दारात चपला काढताना शंभू म्हणाला, "बुद्धी शाबूत आहे म्हनते ते. तेच धरून चालू."

बुद्धी शाबूत होती आणि चांगली तिखट होती. टीव्हीवरच्या मालिकेतली सासू कट रचायला लागली की उत्कर्षा खुर्चीत आनंदानं उसळायची. शंभू फोनवर साहेबाला आपल्याला ताप आल्याचं खोटंच सांगायला लागला की ही मागून अशी खिदळायची की शंभूला बाल्कनीत जाऊन बोलावं लागायचं. हो म्हणायचं असलं की ती डोळे वर उचलायची, नाही म्हणायचं असलं की मिटून घ्यायची. एवढ्या दोन खुणांवर मायलेकींचं दिवसभर बोलणं चालायचं. भांडणंसुद्धा व्हायची.

कसबा पेठेत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर अशा मुलांसाठी दिवसाचं केंद्र होतं. उत्कर्षा पाच-सहा वर्षांची असताना रुपाली तिला तिथं न्यायला लागली. तिथल्या चैतालीबाईंनी तिला अक्षरं शिकवली. प्लॅस्टिकच्या पाटीवर बाराखडी मांडलेली असायची, उत्कर्षा मुठीच्या सांध्यानं एकेका अक्षरावर हात नेऊन ठेवायची. एक शब्द व्हायला घाम निघायचा, म्हणून ती शब्द फार जपून वापरायची. तिनं पहिला लिहिलेला शब्द होता 'चहा'. चैतालीबाईंनी विचारलं, प्यायचाय का? तिनं डोळे मिटले आणि सलिलसरांकडं मान वळवली. सरांचा चहा टेबलावर गार होत होता, आणि ते विसरले होते.

सलिल केतकर हे केंद्राचे विश्वस्त. बँकेतून निवृत्त झालेले, तिरकस बोलणारे आणि रोज सगळ्यांच्या आधी येऊन फाटक उघडणारे. त्यांच्या बोलण्यावर मोठी माणसं हसायच्या आत उत्कर्षा हसायची. "माझे विनोद कळणारी कसब्यात ही एकच आहे," सर म्हणायचे. "बाकीच्यांना समजावून सांगावे लागतात."

मुलीला सोडायला येणारी रुपाली तिथंच थांबायला लागली, आणि थांबता थांबता कामाला लागली. मुलांना भरव, कपडे बदल, मुलं घेऊन नव्यानं येणाऱ्या आयांना समजावून सांग. काही वर्षांत ती सगळ्यांची रुपालीताई झाली. बोलणंही पुण्याचं झालं, स्वच्छ आणि नीटनेटकं. मले-तुले, काहून-कायले हे सगळं फक्त क्वार्टरच्या दाराआड राहिलं, शंभूपाशी आणि उत्कर्षापाशी.

केंद्र देणग्यांवर चालायचं आणि देणग्या मिळायच्या त्या वार्षिक कार्यक्रमातून. नारायण पेठेतलं लहानसं सभागृह, दीपप्रज्वलन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण, मग जुनी गाणी, मग बटाटेवडा. येणारे लोक तेच, थकत चाललेले. दरवर्षी काही रिकाम्या खुर्च्या वाढायच्या.

"आपल्याकडं लोक वड्यासाठी येतात," सर एकदा हिशेबाच्या बैठकीत म्हणाले. "आणि वडा गार असतो म्हणून देणगी न देता जातात. यात त्यांची काय चूक?"

"मग आपण वेगळं काही करू या," रुपाली म्हणाली. बैठकीत ती पहिल्यांदाच बोलली होती.

"करा. तुम्हीच करा. बिघडायला काही शिल्लक आहे असं मला वाटत नाही."

पहिल्या वर्षी तिनं शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुणे दोन्ही काढून टाकले आणि बायका गोळा करून पवनीकडच्या जेवणाचं ताट ठेवलं. पाटवड्यांचा रस्सा, वडाभात, सांबारवडी. लोक रांगेत उभे राहून विचारायचे, "सांबारवडी म्हणजे इडलीबरोबरचं सांबार का हो?" तिकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे सांगून सांगून तिचा घसा बसला. ताटं संपली, पण पैसे सामानातच गेले. दुसऱ्या वर्षी तिनं मुलांनी रंगवलेल्या पणत्यांचा लिलाव ठेवला, आणि तो पुकारायला मार्केट यार्डातला एक खराखुरा अडत्या आणला. तो मंचावर उभा राहून कांद्याचा भाव फोडावा तसा पणत्यांचा भाव फोडायला लागला तेव्हा सभागृह गडगडून हसलं. पहिल्या रांगेतले दोन सेवानिवृत्त प्राध्यापक एकाच पणतीसाठी हट्टाला पेटले. त्या वर्षी केंद्राला नव्या खुर्च्या आल्या. उत्कर्षा पुढचे कित्येक दिवस त्या अडत्याची आठवण काढून हसत होती. ते दिवस रुपालीच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. तिला ते तेव्हाही कळत होतं.

मग केंद्रातल्या तिशीच्या एका मुलाची आई वारली. वडील आधीच गेलेले. काकांनी त्याला लांबच्या कुठल्याशा आश्रमात नेऊन ठेवलं, आणि पावसाळा संपायच्या आत तो गेल्याचा निरोप आला. काय झालं ते कुणी नीट सांगितलं नाही.  त्या आठवड्यात केंद्रातली प्रत्येक आई आपल्या मुलाला स्वतःच भरवत होती.

सर बैठकीत म्हणाले, "आता राहायची जागा लागेल. आईबापांच्या पाठीमागं मुलं राहतील अशी. खुर्च्यांएवढ्या पैशात ती होणार नाही."

स्वराली याच सुमारास केंद्रात यायला लागली होती. हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करणारी, शनिवारी स्वयंसेवक म्हणून येणारी, मनानं चांगली मुलगी. मुलांमध्ये बसून खेळायची, उत्कर्षाच्या नखांना रंग लावून द्यायची. तिच्या कंपनीनं अशा कार्यक्रमांचं काहीतरी ट्रेनिंग तिला दिलं होतं.

"ताई, लोकांना डेटा नको असतो," ती म्हणाली. "किती मुलं, किती खर्च, कुणाच्या लक्षात राहत नाही. स्टोरी लागते. एक आई, एक मूल, पाच मिनिटं. आणि ते संपलं की लगेच लाइट लावायचे आणि विचारायचं, कोण हात वर करतंय? गाणी नाहीत, चहा नाही, मध्ये काहीच नाही. लोक घरी गेले की विसरतात."

"आई कोण?"

"तुम्हीच. दुसरं कोण बोलेल?"

रुपालीनं भाषण बसवलं. पवनी, खडकी, डॉक्टर, बाराखडीची पाटी, चहाचा किस्सा. शंभूसमोर बोलून दाखवलं, उत्कर्षासमोरही. चहाच्या किश्श्याला उत्कर्षानं मान टाकून हसून दिलं. रुपाली म्हणाली, "बरं जमलं ना?" डोळे वर गेले.

कार्यक्रमाला या वेळी माणसं वेगळी होती. स्वरालीनं कंपनीतून आणली होती, कुणी बिल्डर होते, कुणी लोणी काळभोर, उरुळीकडचे जमीनवाले. रुपाली मंचावर गेली. पवनीचं बोलून झालं. डॉक्टरांचं बोलून झालं. समोर तिला फोनचे उजेड दिसत होते, एकेक करत वाढत चाललेले. चहाचा किस्सा तिनं सांगितला आणि दोन-तीन माणसं हसल्यासारखी हसली. पुढं काय बोलायचं होतं ते तिला आठवत होतं. पण त्यानं काही होणार नाही हेही दिसत होतं. तिच्या डोळ्यांसमोर तो आश्रमात गेलेला मुलगा आला. तो वरणभात खाताना ओठ मिटून हसायचा.

ती थांबली. मग जे निघालं ते तिनं बसवलेलं नव्हतं, आणि ते पुण्याच्या भाषेतही नव्हतं.

"मी रोज देवाले एकच मागतो," ती म्हणाली. "माह्या आधी हिले ने. मी जित्ती आहे तोवर ने. माह्यामागं हिचं कोनी नाही."

फोनचे उजेड खाली गेले. कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज झाला.  स्वरालीनं ठरल्याप्रमाणं सभागृहाचे दिवे लावले आणि माईक हातात घेतला. ती विचारायच्या आधीच हात वर झाले.

मागच्या रांगेतून पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा गृहस्थ उठला. लोणी काळभोरचे सर्जेराव. "माझा धाकला भाऊ असाच हुता," ते म्हणाले. माईक नव्हता, तरी ऐकू आलं. "गोठ्याशेजारच्या खोलीत ठिवला हुता आमी त्याला. तितंच गेला. हायवेपास्नं आत माझं रान हाय, त्यातला तुकडा घ्या. कागद उद्या करू." आणि ते खाली बसून उपरण्यानं तोंड पुसत राहिले.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. रुपाली कशीबशी पायऱ्या उतरून पडद्यामागं गेली. उत्कर्षाला बाहेरच्या खोलीत ठेवलेलं होतं, निदान रुपालीला तसं वाटत होतं. पण खुर्ची पडद्याच्या कडेला होती, मंचापासून हाताच्या अंतरावर. चैतालीबाई मागं उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पडलेला होता. "तिला आईचं भाषण ऐकायचं होतं," त्या म्हणाल्या. "पाटीवर लिहिलंन. म्हणून मी आणलं."

रुपाली खाली बसली आणि तिनं मुलीचा हात धरला. "उत्का," ती म्हणाली.

उत्कर्षानं डोळे मिटले. लोक भेटायला आले, सर आले, सर्जेराव येऊन डोक्यावर हात ठेवून गेले, मग रिक्षा आली. घरी पोचेपर्यंत ते डोळे उघडले नाहीत.

दोन दिवस तिनं पाटीकडं हात नेला नाही. जेवायची, पण तोंड उघडून घास घ्यायची तेवढंच, मालिकेतली सासू कट रचत असली तरी तिकडं बघायचीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी रुपाली भात कालवत असताना तिनं पाटी मागितली. मूठ पाटीवर सरकली, घसरली, परत आली. दोन अक्षरं झाली. 'खरं'. आणि मग ती आईच्या तोंडाकडं बघत बसली.

रुपालीला म्हणता आलं असतं, नाही गं, मंचावर असं बोलावं लागतं. ते तिनं म्हटलंही. पण त्याच्या आधी ती थांबली होती. हातातला घास तसाच धरून, अगदी थोडा वेळ. उत्कर्षाला आईचं थांबणं समजत होतं. ती आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणंच तर ऐकत आली होती.

ते खरं होतं, हीच अडचण होती. रुपाली ते मागत होती. सकाळी देव्हाऱ्यात दिवा लावताना, उत्कर्षाला उचलताना कमरेत कळ आली की, शंभूचा रक्तदाब वाढला की. वाईट म्हणून नव्हतं ते. त्यात माया सोडून काही नव्हतं. पण हे मुलीला कुठल्या शब्दांत सांगायचं? ज्या शब्दांत सांगायचं तेच शब्द ती मंचावर खर्चून आली होती.

कार्यक्रमाची चित्रफीत कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. ती फिरत फिरत फॅक्टरीतही पोचली. शंभूनं ती जेवणाच्या सुट्टीत पाहिली. संध्याकाळी घरी आल्यावर तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. रुपाली चहा घेऊन गेली.

"तू मागतं हे मले माहीत होतं," तो म्हणाला. "मी बी मागतो. पन मी कधी तोंडानं नाही बोललो."

"तुम्ही माह्यावर चिडले का?"

"नाही," शंभू म्हणाला. "चिडलो असतो तर बरं झालं असतं."

पुढच्या वर्षी लोणीला बांधकाम अर्ध्यावर आलं होतं. स्लॅब पडला होता, भिंती व्हायच्या होत्या. स्वराली केंद्रात आली आणि रुपालीशेजारी बसली. रुपालीनं आधीच सांगितलं, की या वेळी दुसऱ्या कुणी बोलावं.

"ताई, बाकीच्यांना बसवून बघितलं मी. होत नाहीये," स्वराली म्हणाली. तिचे डोळे भरले होते, ती खोटं वागत नव्हती. "लोक त्या एका लाइनलाच हलतात. आणि ती तुमच्या गावच्या भाषेतच यायला हवी. नीट मराठीत म्हटली तर भाषण वाटतं."

रुपालीनं सरांकडं बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. "मी सांगणार नाही बोला म्हणून," ते म्हणाले. "नका बोलू असंही सांगता येत नाही. भिंती नसलेल्या घरात मुलं कशी ठेवायची ते मला माहीत नाही."

ती बोलली. उत्कर्षाला त्या दिवशी शंभूपाशी घरी ठेवलं. कॉलनीतल्या बायकांच्या मीटिंगला जाते म्हणून सांगून ती निघाली. तिनं ठेवणीतली साडी नेसली नव्हती, कळू नये म्हणून. मंचावर ती त्या वाक्यापाशी आली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण त्याच्या आधी थांबलोय. मुद्दाम. किती थांबलं की सभागृह शांत होतं हे तिला आता येत होतं. घरची भाषा तिनं तोंडात आणली, शब्द अगदी तेच होते, आवाजही तसाच कापरा निघाला. हात वर झाले. मागच्या वर्षीपेक्षा जास्त.

ती घरी आली तेव्हा उत्कर्षा दाराकडं तोंड करून बसली होती. तिनं आईकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. रुपालीच्या खांद्यावर कुणीतरी रडून ओली केलेली साडी अजून वाळली नव्हती. उत्कर्षानं तोंड टीव्हीकडं फिरवलं.

लोणीचं घर बांधून झालं. उसाच्या शेतांच्या कडेला, बैठं, रुंद दारांचं, खुर्च्या फिरतील असं. सर्जेराव रोज येऊन कामगारांच्या डोक्यावर बसायचे. उद्घाटनाला सगळे पालक आले, फिरून बघून गेले, न्हाणीघरातल्या कठड्यांना हात लावून बघितला. आणि कुणीच आपलं मूल ठेवलं नाही. नंतर ठेवू, आम्ही आहोत तोवर कशाला, असं प्रत्येकजण म्हणाला. मदतनीस नेमलेले होते, स्वयंपाकीण होती, पलंग रिकामे होते.

"प्रवेशासाठी आईबापांच्या मृत्यूचा दाखला आवश्यक, असा फलक लावतो आता," सर केंद्रात म्हणाले. कुणी हसलं नाही. उत्कर्षाही नाही. तिनं पाटी मागितली.

चैतालीबाईंनी पाटी धरली. बराच वेळ लागला. 'मी जाते.'

रुपाली कामात होती. चैतालीबाईंनी हाक मारली तेव्हा ती हात पुसत आली, पाटी बघून म्हणाली, "कुठं जाते? घरी? निघायचंच आपण."

डोळे मिटले.

"लोणीला?" चैतालीबाईंनी विचारलं.

डोळे वर गेले.

रुपाली आधी हसली, मग चिडली, मग केंद्रातल्या सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलली, की हिला काय कळतंय, रागानं बोलतेय ती, कोण बघेल तिला तिथं, तिला डाव्या कुशीवर झोप लागत नाही हे कुणाला माहीत आहे? उत्कर्षा ऐकत होती. घरी शंभूनं सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "तिले इचार. बाईसमोर इचार. बावीस वर्षांची आहे ते. आपन तिले काही इचारलंच नाही कधी, खाशील का नि झोपशील का याच्यापलीकडं."

म्हणून दुसऱ्या दिवशी चैतालीबाईंनी तिला नीट विचारलं. रागावली आहेस म्हणून जातेस? डोळे मिटले. आईबाबांचा कंटाळा आला? डोळे मिटले. तुला तिथं राहावंसं वाटतं? त्यावर तिनं काहीच केलं नाही, हो नाही आणि नाहीही नाही. मग का? तिनं पाटीकडं मूठ नेली. घामानं तिचं कपाळ ओलं झालं, मान वळून वळून मागं जात होती, शंभूनं एका हातानं ती धरून ठेवली. चैतालीबाई एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत गेल्या.

'आता मागू नोको.'

"नको," चैतालीबाई सवयीनं म्हणाल्या. "काना नाही तिथं. मागू नको. काय मागू नको, उत्कर्षा?"

रुपालीला काना चुकलेला नाही हे माहीत होतं; घरच्या बोलण्यात 'नको' नव्हतंच, 'नोको'च होतं. ती खाली जमिनीवर बसली आणि तिनं पदर तोंडात धरला. शंभू भिंतीकडं वळला.

ते तिला लोणीला घेऊन गेले. रुपालीनं मदतनीस बाईंना सगळं दाखवलं, उशी कुठं लावायची, घास केवढा द्यायचा, ठसका लागला की पाठीवर कुठं थापायचं. दाखवून झालं तरी ती परत पहिल्यापासून दाखवायला लागली. शेवटी शंभूनं तिच्या दंडाला धरलं. निघताना तिनं मुलीच्या कपाळावर ओठ टेकले. उत्कर्षा रडत नव्हती. तिचे हात नेहमीपेक्षा जास्त उडत होते. एक हात उडून रुपालीच्या गालावर लागला. तो मारायला होता, कुरवाळायला होता की नुसताच गेला होता, हे तिला कधीच कळलं नाही. त्यानंतर किती वेळा तरी तिनं गालावर त्या जागी हात ठेवून विचार केला.

उत्कर्षा गेल्यावर बाकीच्यांचा धीर झाला. एकेक करत मुलं आली, पलंग भरले. उत्कर्षाचं तिथं बरं चाललं. सर्जेराव रोज सकाळी येऊन तिच्याशेजारी बसतात आणि गावातल्या भानगडी सांगतात. भावकीत कुणी कुणाचा बांध कोरला हे ऐकताना ती पूर्वीसारखी उसळून हसते, असं रुपालीला तिथल्या बाईंनी सांगितलं. "लई हुशार पोर हाय," सर्जेराव रुपालीला म्हणाले. "तिच्यासमुर खोटं बोलाया जमत न्हाई." रुपाली दर रविवारी बसनं जाते. उत्कर्षा तिच्या हातून जेवते, पाटीवर एखादा शब्द लिहिते. कपडे, चादर, औषध, अशाबद्दल. घरी येतेस का दोन दिवस, असं रुपालीनं सुरुवातीला प्रत्येक वेळी विचारलं. आता विचारत नाही.

क्वार्टरमध्ये दोघं असतात. उचलायला कुणी नाही, तर रुपालीची कंबर दुखायची थांबली. ते तिला सगळ्यात असह्य झालं. सकाळी दिवा लावते तेव्हा तिच्या तोंडाशी काही येत नाही. जुनं मागायचं नाही असं मुलीनं सांगितलंय आणि नवीन काय मागावं ते सुचत नाही. ती हात जोडून उभी राहते आणि मग कुकर लावायला जाते.

ती चित्रफीत काढून टाका असं तिनं सरांना सांगितलं. सरांनी त्याच दिवशी स्वरालीला सांगून केंद्राच्या पानावरून ती काढवली. पण पुढच्या कार्यक्रमाचं काय, असं तिनं विचारलं. नेहमीचं तिरकस काही त्यांना सुचलं नाही. "रुपालीताई, लोणीचं घर रोज चालवायचंय," ते म्हणाले. "उत्कर्षाचं जेवण त्यातूनच येतं. मी दुसरं काही शोधतोय. सापडलं की सांगतो."

गेल्या हिवाळ्यातल्या कार्यक्रमाला रुपाली गेली ती खुर्च्या मांडायला. बोलायला एक नवी आई होती, कात्रजहून येणारी, तिची मुलगी साई पंधरा-सोळा वर्षांची. स्वरालीनं तिला बसवलं होतं. सभागृह भरलेलं होतं. साईची चाकाची खुर्ची पहिल्या रांगेच्या कडेला होती, केसांत अबोलीचा गजरा, आणि आई मंचावर चढली तशी ती सगळ्या अंगानं हसायला लागली.

रुपाली मागच्या भिंतीला टेकून उभी होती. ती बाई आपल्या गावाबद्दल बोलली, डॉक्टरांबद्दल बोलली. मग तिचा आवाज बदलला. पुढं काय येणार हे रुपालीला माहीत होतं. शब्द वेगळे असतील, पण तेच येणार. ती भिंतीपासून निघाली, कडेकडेनं पुढं गेली, साईच्या खुर्चीचा ब्रेक सोडला आणि खुर्ची मागं ओढून बाजूच्या दारानं बाहेर आणली. दार तिनं घट्ट लावून घेतलं.

साई चिडली. तिला आईला बघायचं होतं. ती दाराकडं मान वळवून ओरडायला लागली, पाय आपटायला लागली. रुपाली तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिला समजावत राहिली, थांब गं, झालंच, आत्ता येईल आई, हे बघ बाहेर किती रिक्षा उभ्या आहेत. साईला रिक्षा नको होत्या. रुपालीनं तिच्या गजऱ्यातलं एक फूल काढून तिच्या नाकाशी धरलं, तेही तिनं मान झटकून उडवलं. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग एकदम टाळ्या ऐकू आल्या, खूप वेळ चालणाऱ्या.

दार उघडून साईची आई धावत बाहेर आली. तिचं तोंड रडून सुजलं होतं आणि डोळ्यांत आनंद होता. "काकू, हिला बाहेर का आणलंत?" ती म्हणाली. "केवढे हात वर झाले. हिनं बघायला हवं होतं."

"आत फार उकडत होतं," रुपाली म्हणाली.

डिसेंबरचा महिना होता. त्या बाईनं तिच्याकडं जरा विचित्रच पाहिलं, मग मुलीला छातीशी धरलं आणि तिच्या कानात काहीबाही सांगायला लागली. साई गप्प झाली. आईच्या गळ्यात तोंड खुपसून ती हुंदके देत राहिली, आणि हळूहळू तेही थांबले.

रुपाली आत जाऊन खुर्च्या उचलायला लागली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळची बस लवकर निघायची.